फुल प्लेट कॅमेऱ्यात आजीचं गोंदण

परतवाड्याच्या त्या स्टुडिओत मी गेले होते जुने लाइट स्टँड बघायला. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात माझं झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोचं छोटं दुकान आहे. स्टुडिओ बंद होतोय, सामान निघणार आहे, असं कळलं होतं. स्टँड घेतले, पैसे दिले, आणि निघता निघता मागच्या खोलीत चादर टाकलेलं काहीतरी दिसलं. उंची माझ्या छातीएवढी. मी बघतेय हे पाहून स्टुडिओवाल्या काकांनी न बोलता चादर ओढली.

सागवानाची पेटी, पितळेचे कोपरे, पितळेच्याच दातेरी पट्ट्या, मधे काळ्या घड्यांचा भाता आणि पुढे माझ्या मुठीपेक्षा मोठी लेन्स. मी रोज कॅमेरा हाताळते, पण माझ्या कॅमेऱ्यात काय चाललंय ते मला कधी दिसलं नाही. इथे सगळं उघडं होतं. पुढून उजेड आत येतो कसा, लेन्स पुढे सरकते कशी, भाता ताणतो कसा, सगळं हाताला लागत होतं.

"फुल प्लेट आहे बेटा," काका म्हणाले. "अलेप्पीचा. वागेश्वरी."

केरळात आलप्पुझाला, म्हणजे जुन्या अलेप्पीला, वागेश्वरी कॅमेरा वर्क्स होतं. तिथे सागवानाचे फिल्ड कॅमेरे हातानं बनायचे आणि देशभरातल्या स्टुडिओंत जायचे. फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंचाची निगेटिव्ह. रिळाच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याची एक चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर असते. तिच्या चाळीसपट जागा या एका निगेटिव्हवर. लेन्स मात्र जर्मन होती, येनाच्या कार्ल झाइस कंपनीची टेसार, एफ ४.५, फोकल लेंग्थ ३० सेंटिमीटर. पॉल रुडॉल्फ यांनी १९०२ साली काढलेली ही रचना, चार काचा तीन गटांत बसवलेल्या. एवढी जुनी लेन्स, पण काच स्वच्छ. कडेला थोडी बुरशी होती, मधे काही नाही.

काकांनी आधी विचारलं, "शोसाठी नेतेस का? हॉटेलवाले दोनदा येऊन गेले. दिला नाही."

मी म्हटलं, फोटो काढायचेत. कोणाचे, ते तेव्हाच माझ्या मनात होतं. घरी आजीचा एकही धड फोटो नाही. मोबाइलवर आहेत, पण मोबाइल चेहरा आपोआप गुळगुळीत करतो. आधार कार्डावरचा तर तिचा तिलाच ओळखू येत नाही. सौदा ११,००० रुपयांवर ठरला. सोबत काकांनी लाकडी प्लेट होल्डर तीन दिले, म्हणजे निगेटिव्ह अंधारात ठेवायच्या चपट्या पेट्या, त्यांना ते 'डबल स्लाइड' म्हणत होते, एक काळा कपडा, ब्रोमाइड पेपरचं न फोडलेलं पाकीट आणि एक पत्र्याचा डबा. डब्यात काय आहे ते मी नीट पाहिलं नाही. पुढे सहा महिने त्याची किंमत मोजली.

परतवाडा-अंजनगाव-दर्यापूर एसटीत कॅमेऱ्याची पेटी मांडीवर घेऊन बसले आणि स्टँड सीटखाली आडवा सारला. घरी आल्यावर आजी ओसरीत तूर निवडत होती. मान वर करून म्हणाली, "काय वं माय, पेटी आनली का वाजवाची?" भात्यामुळे तिला ती हार्मोनियम वाटली होती.

पहिले पंधरा दिवस फोटो नव्हता, नुसती दुरुस्ती होती. सागवान जवसाच्या तेलानं पुसलं. आमच्याकडे जवस घरचंच, तेलाची उणीव नाही. पितळ चिंचेनं घासलं, पण दातेरी पट्ट्यांच्या खाचांत चिंच जाऊ दिली नाही. तिथे टूथब्रश आणि शिलाई मशीनचं तेल. लेन्सच्या मागे रबरी फुग्यावर उघडझाप होणारं शटर होतं, त्याचं रबर लाकडासारखं कडक झालेलं, फुगा दाबला की तडकला. ते काढून ठेवलं. शटर नाही म्हणजे लेन्सवरचं झाकण हेच शटर: झाकण काढायचं, मोजायचं, लावायचं. स्टीलच्या एका डब्याचं झाकण बरोबर बसलं. आतून मखमलीची पट्टी लावली की उजेड झिरपत नाही.

भात्याची परीक्षा रात्री केली. खोली अंधारी करून भात्यात मोबाइलचा टॉर्च सोडला आणि भाता पूर्ण ताणला. घड्यांच्या कोपऱ्यांवर ठिकठिकाणी उजेडाचे ठिपके दिसले, मी सतरा मोजले. एकेका ठिपक्याला खडूनं खूण केली. जुन्या छत्रीचं काळं कापड नखाएवढं कापून, सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन लावून, आतल्या बाजूनं चिकटवलं. कापड जाड घेतलं तर भाता मिटत नाही. छत्रीचं पातळ असतं, घट्ट विणीचं असतं, म्हणून ते जमलं. दोन रात्री गेल्या, तिसऱ्या रात्री टॉर्च सोडला तर आत पूर्ण काळोख.

मागची दुधी काच फुटलेली होती. हीच काच खरं तर कॅमेऱ्याचा डोळा, तिच्यावरच चित्र उमटतं आणि तिच्यावरच फोकस करायचा. तयार मिळेना, म्हणून घरी केली. फोटोफ्रेमवाल्याकडून दोन मिलिमीटरच्या दोन काचा मापानं कापून आणल्या. ट्रॅक्टर वर्कशॉपवाल्या दादांकडे इंजिनाचे व्हॉल्व्ह बसवायची ग्राइंडिंग पेस्ट असते, तिच्यातली बारीक दाण्याची चमचाभर मागून घेतली. एक काच ओल्या पोत्यावर ठेवायची, वर पेस्ट आणि पाण्याचे दोन थेंब, तिच्यावर दुसरी काच, आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत राहायचं. सुरुवातीला करकर वाजतं. मग आवाज मऊ होत जातो, पीठ दळताना जात्याचा होतो तसा. तासाभरानं धुऊन पाहिलं तर काच सारखी दुधाळ झाली होती, एकही ओरखडा नाही. मला त्या काचेचा जेवढा आनंद झाला तेवढा कॅमेरा घेतानाही झाला नव्हता.

ती बसवली, अंगणाकडे लेन्स केली आणि काळा कपडा डोक्यावर घेतला. आत कडुनिंब उलटा लटकलेला, रंगांसकट. खाली आभाळ, वर जमीन, आणि गल्लीतून जाणारी बंडी छताला पाय लावून उलट दिशेनं चाललेली. मी कितीतरी वेळ बाहेर आलेच नाही. गल्लीतली पोट्टी एकामागे एक कपड्यात शिरली. एकानं आत जाऊन बाहेर येईपर्यंत श्वासच घेतला नव्हता.

आता पेपर. काकांनी दिलेलं पाकीट उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचं होतं, 'इंदू' ब्रोमाइड पेपर. १९६० साली स्थापन झालेला तो सरकारी कारखाना आता बंद आहे. हा पेपर फोटो छापायचा, पण तोच होल्डरमध्ये घातला की निगेटिव्ह म्हणून चालतो, हे काकांनीच सांगितलं. फिल्मपेक्षा तो फार मंद, आणि झाकणानं एक्स्पोजर देणाऱ्याला तेच सोयीचं. चपळ फिल्म असती तर सेकंदाचा शंभरावा भाग हातानं मोजता आला नसता. पेपरला सेकंद-दोन सेकंद लागतात, ते तोंडानं मोजता येतात. दुसरं म्हणजे तो लाल दिव्यात उघडता येतो, डोळ्यांनी बघत काम करता येतं.

कुटाराच्या खोलीत रात्री डार्करूम मांडली. डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र वर आणणारं द्रावण, घरी कालवला. एक लिटरला मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, सोडियम कार्बोनेट ८० आणि पोटॅशियम ब्रोमाइड २. विरघळवायचा क्रम मात्र वेगळा, तो मोडायचा नाही. सगळं सल्फाइट आधी टाकलं तर मेटॉल विरघळतच नाही, तळाशी बसून राहतं. चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग बाकीचं. दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा त्यासाठी घेतला.

आजीला ओसरीत खांबाला पाठ टेकून बसवलं. खांब महत्त्वाचा. दोन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण टेका नसला तर माणूस तेवढ्यात डोलतो. लेन्स पूर्ण उघडी, एफ ४.५. काचेवर भिंग धरून आजीच्या डोळ्यांवर फोकस केला, होल्डर लावला, त्याची कागद झाकणारी पाटी वर ओढली, झाकण काढलं.

"डोये मिटू का?"

"नको आजी. बोलू पण नको."

एक, दोन, झाकण. रात्री ट्रेमध्ये कागद बुडवला आणि लाल उजेडात आजी हळूहळू वर आली. केस काळे, लुगड्याचा काठ पांढरा, सगळं उलट. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, ते लपवायचं कारण नाही.

सकाळी उजेडात पाहिलं तेव्हा कळलं, डोळे पुसट आहेत. कान मात्र लख्ख, कानातल्या बुगडीचे मोतीसुद्धा मोजता येत होते. आजी हलली म्हणावं तर कान कसे स्पष्ट आले असते? तीन फोटो काढले, तिन्हींत तेच. भिंग बदललं, तेच. शेवटी काकांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "काचेची घासलेली बाजू कुठे आहे?"

बाहेर होती, माझ्याकडे. ती आत हवी, लेन्सकडे. चित्र घासलेल्या पृष्ठभागावर उमटतं, आणि तो पृष्ठभाग होल्डरमधल्या कागदाच्या अचूक जागी असायला हवा. माझी काच उलटी बसल्यामुळे तो दोन मिलिमीटर मागे गेला होता. आजी कॅमेऱ्यापासून सहा-सात फुटांवर. एवढ्या जवळच्या माणसाच्या बाबतीत मागे दीड-दोन मिलिमीटर चुकले की पुढे फोकस चार-पाच सेंटिमीटर सरकतो. डोळ्यांपासून कानशिलाकडे गेला होता तो असा. काच फिरवली. मग वर्कशॉपमधून व्हर्निअर आणून कडेपासून दुधी पृष्ठभागाची खोली मोजली, होल्डरमध्ये कागदाची मोजली. होल्डर काचेच्या जाड प्लेटसाठी बनलेला, कागद त्यात सैल बसत होता. मागे पुठ्ठा घालून कागद पुढच्या कडेला दाबून बसवला तेव्हा दोन्ही मापं जुळली. कोणी असा कॅमेरा घेतला तर पहिल्या दिवशी हेच मोजा असं मी सांगेन. बाकी सगळं नंतर.

दुसरी गोष्ट भात्याची. लांबचं दृश्य असलं तर लेन्स काचेपासून ३० सेंटिमीटरवर असते. दोन मीटरवरच्या माणसावर फोकस करायला ती ३५ सेंटिमीटरवर न्यावी लागते. तेवढा प्रकाश पातळ होतो, कारण तोच उजेड आता मोठ्या जागेवर पसरतो. ३५ ला ३० नं भागा आणि आलेला आकडा त्याच आकड्यानं गुणा: साधारण १.४. म्हणजे एका सेकंदाच्या जागी दीड. मी भात्याखालच्या लाकडी पट्टीवर टेप चिकटवून सेंटिमीटर लिहून ठेवले आणि समोर वेळेचा गुणक लिहिला. आता हिशेब करावा लागत नाही.

सराव न हलणाऱ्या गोष्टींवर केला. त्यासाठी अंजनगाव सुर्जीला गेले, शकुंतलेच्या स्टेशनावर. मूर्तिजापूर-अचलपूरची ती अडीच फुटी गाडी बंद आहे, रुळांत गवत वाढलंय. इमारत उंच दिसावी म्हणून कॅमेरा वर वाकवला तर भिंती आत झुकतात. या कॅमेऱ्यात तो सरळ ठेवून फक्त लेन्सची पाटी वर सरकवता येते, आणि भिंती ओळंब्यात राहतात. हे मी काचेवर डोळ्यांनी पाहत केलं.

मग परत आजी. या वेळी डोळे काट्यासारखे स्पष्ट. निगेटिव्ह दुसऱ्या कागदावर उलटी दाबून, वर काच ठेवून, घरच्या बल्बखाली दोन-चार सेकंद उजेड दिला की फोटो तयार होतो. मोठा करावा लागत नाही, निगेटिव्हच तेवढी मोठी. मी छापून, वाळवून आजीच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग कपाळावर बोट ठेवलं, फोटोतल्या आणि स्वतःच्या.

"माहं गोंदण कुठी गेलं वं?"

मी पाहिलं. कपाळावरचे तीन ठिपके नव्हते. हनुवटीवरचा नव्हता. डाव्या हातावर कोपरापर्यंत तुळस आहे, ती धुक्यातल्यासारखी, असून नसल्यासारखी. सुरकुत्या मात्र होत्या त्यापेक्षा खोल आल्या होत्या, आणि रंग होता त्यापेक्षा काळा.

आजीनं फोटो बाजूला ठेवला. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "सोनं-नानं सारं अथीच रायते. मेल्यावर गोंदण तेवढं संगं येते. अन् तुह्या फोटोत तेच नाई."

मी दुकानात रोज लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग पुसते. 'ताई, हे काढून टाका ना' म्हटलं की माउसच्या दोन टिचक्यांत तीळ, व्रण, देवीचे वण जातात. आजीच्या फोटोत मी काही पुसलं नव्हतं, तरी ती पुसली गेली होती. ते मला सहन झालं नाही.

कारण समजायला आठवडा लागला. साध्या ब्रोमाइड पेपरला सगळे रंग दिसत नाहीत. त्याला फक्त निळा-जांभळा प्रकाश कळतो. लाल दिव्यात तो बिघडत नाही तो याचमुळे. आपल्या उन्हानं रापलेल्या कातडीतून निळा प्रकाश फार कमी परत येतो, म्हणून अशा कागदावर चेहरा काळवंडतो. गोंदणात भरतात काजळी, पण ती कातडीच्या खाली असल्यामुळे वरून हिरवी-निळी दिसते. निळ्या उजेडात गोंदण आणि भोवतीची कातडी जवळजवळ सारखीच गडद ठरतात, आणि फरकच उरला नाही तर चित्र कशाचं उमटणार?

हे वाचून पटलं, पण खात्री करायची होती. गणपतीच्या सजावटीचे रंगीत जिलेटिन पेपर घरात पडले होते. आजीला अंगणात बसवलं आणि निळा पेपर डोळ्यांसमोर धरला. तीन ठिपके विझत गेले. पिवळा धरला, ठिपके एकदम वर आले, नुसत्या डोळ्यांना दिसतात त्याहून ठळक. मी आजीलाही आरशासमोर नेऊन दोन्ही पेपर दाखवले. पिवळ्यातून स्वतःला पाहून ती म्हणाली, "हा. हे मी."

म्हणजे दोन गोष्टी हव्या होत्या: हिरवा प्रकाश ओळखणारी फिल्म आणि निळा अडवणारा पिवळा फिल्टर. काकांना फोन केला तर ते म्हणाले, "अगं, डब्यात आहे ना." पत्र्याच्या डब्यात पितळी कड्यात बसवलेली पिवळी काच होती, याच लेन्सच्या मापाची. मी ती एखाद्या दिव्याचं झाकण समजून बाजूला ठेवली होती.

फिल्म मिळाली ती वेगळ्याच ठिकाणी. तालुक्याच्या एका एक्स-रे सेंटरला मशीन डिजिटल झालं होतं आणि जुन्या फिल्मचे बॉक्स पडून होते, आठ बाय दहा इंची, ग्रीन सेन्सिटिव्ह. एक्स-रेमध्ये किरण आधी हिरव्या उजेडानं चमकणाऱ्या पडद्यावर पडतात आणि फिल्म तो उजेड टिपते, म्हणून तिला हिरवा कळतो. लाल मात्र कळत नाही, तेव्हा लाल दिवा इथेही चालतो. पण कोणता लाल, हे तपासावं लागतं. फिल्मच्या तुकड्यावर रुपयाचं नाणं ठेवून लाल दिव्याखाली पाच मिनिटं सोडला आणि डेव्हलप केला. पहिल्या बल्बला नाण्याचा गोल दिसला, म्हणजे तो बल्ब बाद. सायकलच्या मागच्या लाल एलईडीला काहीच उमटलं नाही. तोच घेतला.

मे संपत आला होता आणि मी थांबायला हवं होतं. पारा ४४ वर, टाकीतलं पाणी रात्री दहालासुद्धा ३७ अंश. डेव्हलपर २० अंशांवर चालवायचा असतो. फिल्म अर्ध्या मिनिटात काळी ठिक्कर झाली, आणि ओल्या फिल्मला माझं नख लागलं तिथलं जिलेटिन खरवडून निघालं. दुसऱ्या दिवशी माठातलं पाणी घेतलं, ट्रेखाली ओलं पोतं घातलं, तरी २८ च्या खाली येईना. डेव्हलपरनंतर चित्र पक्कं करणारं द्रावण म्हणजे हायपो. चार फिल्म वाया गेल्यावर काका म्हणाले, "हायपोत तुरटी टाक, जिलेटिन घट्ट होतं. अन् खरं सांगू का, दिवाळीपर्यंत जाऊ दे." जूनमध्ये पेरणी आलीच. कॅमेरा चादरीखाली गेला.

पाण्याचा आणखी एक घोळ आमच्या भागापुरता आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी इतकं खारं की भांडं तसंच वाळलं तर पांढरी कड उमटते. त्या पाण्यात कालवलेल्या डेव्हलपरमध्ये तळाशी गढूळ साका बसतो आणि धुतलेली निगेटिव्ह वाळली की मिठाचे डाग पडतात. डेव्हलपरला मी आरओच्या कॅनचं पाणी वापरते. धुण्याला मात्र खारं पाणी चांगलं निघालं. हायपो खाऱ्या पाण्यात लवकर सुटतो, काकांना हे माहीत होतं. फक्त शेवटची दोन पाणी गोडी हवीत. आयुष्यभर ज्या पाण्याला नावं ठेवली त्याचा हा एक उपयोग मला सापडला.

दिवाळीनंतर, कापसाच्या दुसऱ्या वेचणीच्या सुमाराला, कॅनमधलं पाणी सकाळी हाताला गार लागू लागलं. थर्मामीटर घातला, २१. त्याच दिवशी फिल्म कापली, लाल दिव्यात, साडेसहा बाय साडेआठ. एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी मसाला, म्हणजे उजेड टिपणारा जिलेटिनचा थर असतो, ट्रेच्या तळाला घासली तरी ओरखडा उठतो. तळाशी गुळगुळीत काच ठेवली, नखं काढली, हातातल्या बांगड्या उतरवल्या. आजी ते बघत होती. "फोटोसाठी बांगड्या उतरवतेत का कोनी?" तिला ते आवडलं नाही. मी काम झाल्याबरोबर परत भरल्या.

ओसरी तीच, खांब तोच, वेळ सकाळी नऊची. आजीनं स्वतःहून पदर मागे घेतला आणि डावा हात मांडीवर उताणा ठेवला, तुळस वर. मी लेन्सचं तोंड थोडं मिटून एफ ८ वर आणलं, भिंगानं आधी डोळे पाहिले, मग हात. हात डोळ्यांच्या पुढे येत होता, दोन्ही फोकसमध्ये येईनात. मागची चौकट तिरपी करायची सोय आहे ना, तिचा वरचा भाग थोडा मागे झुकवला. काचेवर चित्र उलटं असतं, म्हणजे हात वर आणि चेहरा खाली. जवळच्या हातासाठी काच लेन्सपासून लांब हवी, ती तिथे गेली. हळूहळू हात आणि डोळे एकाच वेळी स्पष्ट झाले. मग पिवळी काच लेन्सवर चढवली. तिच्यामुळे मला वेळ चौपट द्यावा लागतो, ते आधीच्या चाचण्यांत कळलं होतं. हिशेब जमून आला एक सेकंदाला.

होल्डर, पाटी, झाकण.

"हजार एक."

डेव्हलपर एकास दहा पातळ केला होता, नाहीतर ही फिल्म फार कडक काळी-पांढरी होते. चार मिनिटं ट्रे कडेनं हळू उचलत राहिले. हायपोतून काढून निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. निगेटिव्हमध्ये काळं ते पारदर्शक असतं. आजीच्या गडद कपाळावर तीन स्वच्छ, पारदर्शक ठिपके होते. त्यांच्यातून दिवा दिसत होता.

छापलेला फोटो मी दुसऱ्या दिवशी दिला. तिनं आधी कपाळ पाहिलं, मग हनुवटी, मग हातावर आली आणि तिथेच थांबली. तुळशीच्या डाव्या फांदीला चार पानं, उजवीला तीन. मी इतकी वर्षं तो हात पाहिला, पानं कधी मोजली नव्हती.

"हे पान रायलं," ती म्हणाली. "गोंदनारी आली व्हती जत्रेत. मी सात वर्साची. दुखे म्हनून हात वढला अन् पयाली. मायनं लय मारलं, पन मी काई परत बसली नाई."

मग उजवा हात पुढे केला. त्यावर कोपराजवळ पाळणा आहे, मनगटाशी तिच्या भावाचं नाव, अक्षरं पसरलेली.

"अन् याचा कधी काढतं?"

होल्डर तीन आहेत, एकेकात दोन फिल्म बसतात. रात्री सहाच्या सहा भरून ठेवल्या.